आजोबांचं वाक्य पुरं होईना

आजोबांचं वाक्य अर्ध्यावरच का तुटतं, हे घरात कुणालाच कळत नव्हतं.

डॉ. भोसेकर म्हणजे मृण्मयीचे आजोबा. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दोन वर्षांपूर्वी, २०४६ साली, अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची वाचा गेली. तेव्हापासून गळ्याला बांधलेली एक पातळ पट्टी स्नायूंची हालचाल टिपायची आणि टेबलावरचा संगणक त्यांच्याच जुन्या आवाजात बोलायचा. गेल्या महिन्यात आईने त्यात नवं ग्राफिक्स कार्ड (असंख्य आकडेमोडी एकाच वेळी करणारा भाग) बसवलं आणि आवाजात पूर्वीसारखे चढउतार आले. पण तेव्हापासूनच, "मला आज खिडकीपाशी" एवढं बोलून झालं की संगणक फटकन बंद पडे.

आई मग घाईघाईने वाक्य पुरं करी. बसायचंय का? खिडकी लावू का? सगळ्यांना वाटलं, आजोबा थकत चाललेत. हळूहळू आजोबाच 'हो' आणि 'नको'वर आले. मृण्मयीला ते बघवेना.

अकरा वर्षांची ती पोर वही घेऊन त्यांच्यापाशी बसली. कितव्या शब्दाला संगणक बंद पडतो, ते लिहीत गेली. छोट्या वाक्याला कधीच नाही. लांब वाक्याला आणि आजोबा हसले की हमखास. म्हणजे थकत होता तो संगणक. तिने वही दाखवली, तेव्हा आजोबांचे डोळे चमकले.

"वॅट बघ," ते म्हणाले. थोडं थांबून, "बेरीज कर."

असं दोन-दोन शब्दांत त्यांनी तिला सगळं समजावलं. भिंतीतल्या सॉकेटमधली वीज संगणकाच्या नाजूक भागांना सोसत नाही. म्हणून आत पॉवर सप्लाय नावाची पेटी असते. ती २३० व्होल्टचा, सतत दिशा बदलणारा प्रवाह घेते आणि त्याचा कमी व्होल्टचा, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह करून सगळ्या भागांना वाटून देते. पण तिच्या ताकदीला मर्यादा असते. ती वॅटमध्ये (ऊर्जा वापरण्याचा वेग मोजण्याचं एकक) सांगतात. प्रोसेसरला १२०, नव्या कार्डाला ३००, बाकीच्यांना ८०. बेरीज झाली ५००. पेटीवर लिहिलं होतं ४५०, आणि ती बारा वर्षं जुनी. लांब वाक्याला कार्ड पूर्ण जोराने काम करे, मागणी मर्यादेबाहेर जाई, आणि काही जळू नये म्हणून पेटी स्वतःच बंद होई.

आई तिला शमीमताईंच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. शमीमताईंनी ७५० वॅटची पेटी पुढे केली, तशी मृण्मयी बिचकली. एवढी वीज घुसून आजोबांचा आवाजच जळाला तर?

"पेटी वीज ढकलत नाही, बाळा," शमीमताई म्हणाल्या. "ज्याला जेवढी लागते, तेवढीच तो ओढतो. उरलेली ताकद अचानक गरज पडली तर हाताशी असते."

मग त्यांनी पेटीचं माप आणि कार्डाची जोडणी ताडून पाहिली. जुन्या केबली वापरायच्या नाहीत, असं बजावलं; त्या खाचेत बसल्या तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. आणि पेटी कधीच उघडायची नाही. तिच्यातले कपॅसिटर (विद्युतभार साठवून ठेवणारे भाग) बंद केल्यावरही झटका देऊ शकतात.

घरी आजोबांनी गळ्याची पट्टी स्वतःच सोडली. आईने बटण बंद करून प्लग काढला. आता आजोबांना 'नको' म्हणायचं असलं तरी म्हणता येणार नव्हतं. हे जाणवलं आणि मृण्मयीने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आजोबांनी डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. अंगावरचा स्थिर विद्युतभार निघून जावा म्हणून तिने आधी संगणकाच्या पत्र्याला हात लावला. चार स्क्रू काढले. आईने जुनी पेटी बाहेर घेतली, नवी आत सरकवली. मोठी जोडणी मदरबोर्डला (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी), मग प्रोसेसरची, मग कार्डाची. प्रत्येक 'टक' आवाज येईपर्यंत दाबून.

संगणक सुरू झाला. पट्टी बांधून आजोबांनी जपून श्वास घेतला.

"रेवती," ते आईला म्हणाले, "महिनाभर तू माझी वाक्यं पुरी करत होतीस, त्यातली निम्मी चुकली, पण तू एकदाही कंटाळली नाहीस, हे मला केव्हापासून सांगायचं होतं."

आईने बाहीने डोळे टिपले. मग आजोबा मोठ्याने हसले, आणि संगणक चालूच राहिला.

हा एवढा पसारा कायम टेबलावरच राहणार का, असं मृण्मयीने विचारलं. आजोबा म्हणाले, चिप दरवर्षी कमी विजेत जास्त काम करायला लागल्यात. एक दिवस सगळा संगणक या पट्टीत मावेल आणि अंगाच्या उष्णतेवर चालेल.

"मग नदीपर्यंत जाऊ. तू माझी चाकाची खुर्ची ढकल, मी बोलत राहतो."

मृण्मयीने वहीचं नवं पान उघडलं आणि विचारलं, "अंगाची उष्णता किती वॅट असते, आजोबा?"