पालथी बादली

डॉक्टरीण खरं तर एका शेळीला बघायला निघाली होती.

पागेच्या उघड्या फाटकासमोरून तिची स्कूटर पुढे गेली आणि ब्रेकवर तिचा पाय आपोआप पडला. आत अंगणात एक माणूस बदामी रंगाच्या घोडीला गोल गोल फिरवत होता. घोडी चालत कसली होती, तापलेल्या तव्यावर पाय टाकावा तसं एकेक पाऊल टाकत होती. मान खाली, नाकपुड्या फुललेल्या, थंडीची सकाळ असूनही अंगावर घाम. आणि तो माणूस तिच्या कानाशी काहीतरी गोड गोड पुटपुटत दोर ओढतच होता.

स्कूटर तिथेच टाकून ती आत शिरली.

"थांबवा तिला."

त्यानं वळून पाहिलं. पाठ अशी ताठ, की पागेतले सगळे त्याला सरदार म्हणत. सरदारांचं तोंड मात्र या वेळी रडवेलं झालं होतं.

"बाई, बाजूला व्हा. पोटशूळ आहे. थांबवली तर आतडं पिळेल."

"पोटशूळ नाही हा."

"तुम्ही कोण?"

"जनावरांची डॉक्टर. तुम्ही?"

"मी या घोडीचा..." तो अडखळला. मालक म्हणावं तर पागा काकांची, नोकर म्हणावं तर काका सख्खे. "मी हिच्याबरोबर असतो."

"मग हिच्याबरोबर जरा थांबा."

ती खाली बसली, घोडीच्या पुढच्या पायाशी. खुराच्या वर, मागच्या खळगीत तिनं दोन बोटं टेकवली. मग न विचारता त्याचा हात धरला आणि तिथेच ठेवला.

"काय लागतंय?"

"धडधडतंय."

"निरोगी घोड्याची इथली नाडी शोधावी लागते. ही बोटांना ठोसे मारतेय. खूर बघा, केवढा गरम आहे. आणि उभी कशी राहिलीय? पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे. पोट दुखणारं जनावर पोटाकडे वळून बघतं, लोळतं. ही लोळली का एकदा तरी?"

"नाही."

"काय खाल्लंय?"

त्यानं कोपऱ्यातल्या कोठीकडे पाहिलं. मग म्हणाला, "चंदीची कोठी सकाळी उघडी सापडली. कडी ही ओठांनी काढते. धान्यात तोंड घालून उभी होती... म्हणून मला वाटलं, पोट."

"सुरुवात पोटातूनच झाली. आता ते खुरात उतरलंय. आतलं हाड आणि बाहेरचं कवच यांना धरून ठेवणारा एक नाजूक थर असतो. तो सुजलाय, आणि सुजायला आत जागा नाही. दारात बोट चेंगरलं की नख कसं ठणकतं? तसं. आणि त्या नखावर उभं राहायचं, वर चालायचं. पावलागणिक हाड सुटत जातं."

सरदारनं अंगणाकडे पाहिलं. धुळीत त्याच्या फेऱ्यांचं गोल रिंगण उमटलं होतं, चांगलं खोल.

"म्हणजे मीच..."

"हो, तुम्हीच. रडायचं असेल तर रडा, पण हात कामाला लावून. बर्फ कुठे मिळेल?"

त्या दिवशी त्या शेळीच्या मालकिणीनं डॉक्टरणीला जे सुनावलं, ते सांगण्यासारखं नाही.

घोडीचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले. दुखणं कमी करायचं औषध दिलं. धान्य बंद करून नुसतं भिजवलेलं गवत सुरू केलं. डॉक्टरणीच्या बाबांची लाकडाची वखार होती. तिथून पोती भरभरून भुसा आला आणि घोडीच्या ठाणात गुडघाभर पसरला गेला. दवाखान्यातलं फिरतं यंत्र आणून तिनं खुराचा एक्स-रे काढला. हाड थोडं हललं होतं. थोडंच.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा ठाणाच्या दाराशी घोडीची बादली पालथी पडली होती. तिनं ती सरळ केली, नळाखाली भरली आणि घोडीपुढे ठेवली.

घोड्यांना खरारा करणारे मोतद्दार हात थांबवून बघू लागले.

"पोरी," मागून आवाज आला. काका होते. पांढऱ्या मिशा, हातात काठी. "ती बादली मी ठेवली होती."

"पडली होती, मी उचलली."

"पडली नव्हती."

सरदार हळूच म्हणाला, "इथे ज्या जनावराची आशा सुटली, त्याची बादली काका पालथी घालतात. मग तिला कुणी हात लावत नाही. आजोबांपासून असंच आहे."

"आणि मग?"

"मग मोठे डॉक्टर सुई घेऊन येतात."

डॉक्टरणीचे कान तापले. इतक्या लोकांसमोर आपण काय करून बसलो... क्षणभर तिला वाटलं, माफी मागावी. पण तेवढ्यात घोडीनं बादलीत तोंड घातलं आणि सुर्रकन पाणी ओढलं.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आता माहीत झालं. तरी बादली सरळच राहील."

काका चिडले नाहीत. ते चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "तळव्यातून हाड बाहेर आलेला घोडा पाहिलायस कधी? मी पाहिलाय. महिना महिना हाल. मी दगड नाही पोरी. त्या हालांतून सोडवायचं म्हणून पालथी घालतो."

तिनं घोडीच्या मानेवर हात ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "काका, गोष्ट तिथवर गेली तर सुई मीच आणीन, तुम्हाला सांगावं लागणार नाही. पण ती तिथवर गेलेली नाही. तोवर कुणीही सुई आणली तरी मी दारातून हलणार नाही."

काकांनी बादलीला पाय लावला. पाणी दारभर पसरलं. सगळ्यांचे डोळे सरदारकडे गेले. त्यानं वाकून बादली उचलली, सावकाश नळापाशी गेला, भरली आणि परत आणून ठेवली. त्या पागेत असं आजवर कुणी केलं नव्हतं.

"ठीक," काका म्हणाले. "मग तूही ऐक. जगली तरी ती पुन्हा दौडणार नाही. न दौडणारं जनावर माझ्या पागेत राहत नाही, आणि माझा शब्द खाली पाडणारा पुतण्याही राहत नाही. ज्या दिवशी ती आपल्या पायांनी चालेल, त्या दिवशी दोघं फाटकाबाहेर."

"चालेल," सरदार म्हणाला.

आता बघा, कसा माणूस. ज्या दिवशी घर सुटणार, तो दिवस लवकर उजाडावा म्हणून हा जिवाचं रान करू लागला. बर्फ फोडून फोडून हातांना भेगा पडल्या. गवत निवडून भिजवायचं, भुसा उलटायचा, खुराखाली मऊ गादी बांधायची. डॉक्टरीण सकाळी दवाखान्याआधी यायची, संध्याकाळी दवाखान्यानंतर यायची. आणि हळूहळू मधल्या वेळीही यायला लागली. त्याला काही कारण नव्हतं.

घोडी मात्र आडवी व्हायला तयार नव्हती.

"एवढा भुसा घातला," एका संध्याकाळी डॉक्टरीण वैतागून म्हणाली. पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. "आडवी झाली तर पायांवरचा भार जाईल. ही उभीच."

"सोपं आहे. तुम्ही बसा."

"मी?"

"हिची आई लवकर गेली. बाटलीवर मी वाढवली. शेजारी कुणी बसलं तरच अंग टाकते."

"मग तुम्ही बसा की."

"मीही बसतो. पण आज ती तुमच्याकडे बघतेय."

"घोडी बघतेय?"

"घोडीच. माझं मी वेगळं बघतो."

डॉक्टरणीनं मान वळवली, ओठ दाबले आणि भुशात बसली. तो बसला, मधे हातभर अंतर ठेवून. घोडीनं दोघांना हुंगलं, पुढचे गुडघे मोडले आणि मोठा उसासा टाकून अंग सोडून दिलं. त्या धक्क्यानं भुसा उसळला, डॉक्टरीण बाजूला सरकली, आणि ते हातभर अंतर गेलं. दोघांपैकी कुणी ते परत केलं नाही.

"तुम्ही घोडीला तू म्हणता," बऱ्याच वेळानं ती म्हणाली.

"हो."

"आणि मला तुम्ही."

"घोडीनं परवानगी दिलीय."

"मी काही... घोडीपेक्षा अवघड नाही."

"कोण म्हणतं?" तो म्हणाला. "घोडीनं मला पहिल्या भेटीत झापलं नव्हतं. तू झापलंस."

पावसाचा आवाज होता म्हणून बरं. नाहीतर तिच्या छातीतलं त्याला ऐकू गेलं असतं.

दिवस गेले. खुरांची ऊब उतरली. नालबंदानं डॉक्टरणीच्या सांगण्याप्रमाणे खूर घासून नीट केले. नवा एक्स-रे काढला, हाड होतं तिथेच थांबलं होतं. घोडी ठाणात दोन पावलं टाकू लागली, मग चार, मग दारातून मान बाहेर काढून मोतद्दारांच्या टोप्या ओढू लागली.

आणि एका सकाळी डॉक्टरणीनं पायाशी बसून खळगीत बोटं टेकवली, आणि तिला नाडी शोधावी लागली.

तिनं बोटं काढली नाहीत. पुन्हा शोधली. गरजेपेक्षा जास्त वेळ शोधली. मनात आलं, एक ठोका, एकच जोराचा ठोका लागू दे. आणखी आठ दिवस विश्रांती, एवढंच म्हणायचं होतं. काकांना घोड्यांतलं कळत होतं, पण डॉक्टरचं त्यांनी ऐकलं असतं. आठ दिवस हा इथे राहिला असता.

घोडीनं पाय उचलून तिच्या हातात दिला. सहज... जसा आपण हात द्यावा.

"चालू शकते," डॉक्टरीण म्हणाली. "मऊ जमिनीवर, तिच्या चालीनं."

सरदार दाराला टेकून उभा होता. "थोडं खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं."

"घोडीबद्दल खोटं बोलले असते तर तू मला माफ केलं नसतंस."

"आठ दिवसांनी केलं असतं."

तिनं घोडीचा पाय हळूच खाली ठेवला. "कुठे जाणार?"

"नदीपलीकडे एक पागा आहे. काम आहे म्हणतात."

"एवढ्या लांब ती चालणार नाही. डॉक्टर म्हणून सांगते."

"आणि डॉक्टर नसतीस तर?"

"तरी हेच सांगितलं असतं. जरा वाईट शब्दांत." तिनं हात झटकले. "वखारीच्या मागे शेड आहे. भुसा तर तिथलाच आहे. घोडी तिथे येईल."

"बाबांना विचारलंस?"

"नाही."

निघताना काका फाटकाशी उभे होते. घोडीच्या खुरांना जाड रबर बांधलेलं होतं. ती सावकाश पण सरळ चालत होती, आणि काका तिच्या पायांकडेच बघत होते.

"दौडणार नाही ती कधी," ते म्हणाले.

"नाही दौडणार," सरदार म्हणाला.

"तरी?"

"तरी."

फाटकाची साखळी काकांनी स्वतःच्या हातानं काढली.

रस्त्याच्या कडेला नुसती खडी. म्हणून डॉक्टरणीनं घोडीला सरळ मधोमध घेतलं आणि स्वतः पुढे चालू लागली. मागे गाड्या तुंबल्या. भोंगे वाजले. एका ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"ताई, बाजूला घ्या की. घोडी आहे का गोगलगाय?"

"गोगलगाय आहे. मागे थांबा."

"आणि हे सोबत कोण, शंखातले?"

"तेही माझेच. तेही हळूच चालतात."

सरदारचे कान लाल झाले. ट्रकवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद करून टाकलं. म्हणाला, सावकाश जा, मला काही घाई नाही.

वखारीत करवत थांबली. बाबा बाहेर आले, भुवयांवर भुसा, कानाला पेन्सिल. त्यांनी घोडीकडे खालून वर पाहिलं.

"भुसा न्यायला एवढं केस विंचरून कुणी जातं का, असं मी तुझ्या आईला म्हणत होतोच," ते म्हणाले. "घोडी ठीक. शेड रिकामी आहे. पण हा कोण?"

"हा सरदार. मी याच्याशी लग्न करणार आहे." तिनं मान ताठ केली. "विचारत नाहीये बाबा. सांगतेय. घर नाही, पागा नाही, दौडणारी घोडीसुद्धा नाही याच्याकडे. सगळं मला माहीत आहे."

बाबांनी सरदारकडे पाहिलं. "तुला माहीत होतं हे?"

"आत्ताच कळलं."

"मग?"

आता मात्र डॉक्टरणीचा ताठा उतरला. ती वळली. दोराला धरलेल्या त्याच्या भेगाळ हाताकडे बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "चालेल ना... तुला?"

सरदारनं दोर दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "नदीपलीकडे कुठलीच पागा नाही."

"काय?"

"नाहीच. तिकडे विटांची भट्टी आहे. जा म्हणतेस की थांब म्हणतेस, एवढंच बघायचं होतं मला."

"म्हणजे मी खोटं बोलायचं नाही, आणि तू—"

"मी घोडीबद्दल नव्हतो बोललो."

"भांडण सावलीत येऊन करा," बाबा म्हणाले. "ती बिचारी उन्हात उभी आहे."

त्यानंतर दुपारभर डॉक्टरीण त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. त्याचा हात मात्र तिनं तेवढा वेळ सोडला नाही.