पोचल्याचा फोन

“पोचल्यावर मी फोन करणार नाही,” बॅगेची चेन ओढता ओढता ठमी म्हणाली, आणि शिलाई मशीनच्या पायडलवर एका लयीत चाललेले मास्तरीणबाईंचे पाय एकदम थांबले.

“आणि तूही करायचा नाहीस. हॉस्पिटलात तर मुळीच नाही. सांगून ठेवते.”

“अगं, एका शब्दाचं तर काम,” दारात चपला शोधणारा तिचा भाऊ, दादा, मध्ये पडला. “‘पोचले’ म्हणायचं आणि सुटायचं. मी दुकानाचं कुलूप काढायच्या आधी फोन लावतो. आपली आई म्हणजे पोचलेली बाई, तिचं पोचल्यावाचून भागत नाही.”

हा विनोद घरात इतका जुना होता की एरवी सवयीनेच त्यावर हसू यायचं. आज कुणी हसलं नाही.

खरं पाहता मास्तरीणबाईंनी आयुष्यात कधी खडू हातात धरला नव्हता. शाळेचे गणवेश शिवून त्यांनी ही दोन पोरं वाढवली. पण नवरा मास्तर होता, आणि तोही गेल्यानंतर साऱ्या देशाला ठाऊक झालेला, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव देऊन टाकलं ते कायमचं. त्या घराचा कायदा एकच. पोरं कुठेही जावोत, शिकवणीला, सहलीला, अगदी दोन गल्ल्या सोडून मैत्रिणीकडे, पोचल्याबरोबर फोन यायला हवा. बरं, नुसतं पोरांच्या तोंडून ऐकूनही बाईंचं समाधान होत नसे. “तिथल्या कुणाकडे तरी फोन दे,” असं त्या म्हणायच्या, आणि दुसऱ्या माणसाने ‘हो, आलीय’ म्हटल्यावरच त्यांचा श्वास खाली बसायचा. दादा फ्रिज दुरुस्त करणारा, मुळातच थंड डोक्याचा. गिऱ्हाइकाच्या घरात शिरला की आधी आईशी त्याचं बोलणं करून द्यायचा आणि मग पाना काढायचा. ठमीचं रक्त गरम. नर्सिंग शिकत असताना एकदा तिचा फोन राहिला, तर बाईंनी थेट वॉर्डात फोन लावून मोठ्या सिस्टरना पेशंटजवळून उठवलं होतं... ‘माझी मुलगी तिथे आहे ना, तुम्ही स्वतः बघितलीत ना?’ तेव्हापासून अख्खं हॉस्पिटल ठमीला ‘पोचपावती’ म्हणू लागलं. आता खाडीपलीकडच्या हॉस्पिटलात तिला नोकरी लागली होती, आणि ते नाव तिला याच काठावर टाकून जायचं होतं.

नेमका आजचा दिवस! कोपऱ्यातल्या टीव्हीवर सकाळपासून तेच चाललं होतं. खाडीत बुडालेली ती बोट, पलीकडच्या काठावर उभारलेली नावांची भिंत, त्या दिवशी रडलेला सारा देश... आणि दर वर्षीप्रमाणे मास्तरांचा तो फोटो. शेवटच्या क्षणापर्यंत शाळेच्या मुलांना वर ढकलत राहिलेले मास्तर, आयुष्यात एक अक्षर खोटं न बोललेले मास्तर. मग शहरभर भोंगा वाजला. रस्त्यातली माणसं होती तिथे थांबली, दादा आणि ठमी मान खाली घालून उभे राहिले. मास्तरीणबाई मात्र दर वर्षीसारख्याच खाली मान घालून एका बाहीला टाके घालत बसून राहिल्या.

भोंगा थांबला तशी ठमी उसळली.

“सगळा देश उभा राहतो गं बाबांसाठी. तू तेवढी उठत नाहीस.”

“ठमे, बोटीची वेळ होतेय,” दादा म्हणाला.

“होऊ दे. आत्या म्हणते ते काही खोटं नाही. बोट बुडाली तेव्हा सगळ्या बायका धक्क्यावर धावल्या, आणि तू घरात बसून राहिलीस. ओळख पटवायलासुद्धा कुणी गेलं नाही आपल्या घरून. ज्यांना कुणी नाही त्यांच्याबरोबर बाबांना निरोप दिला सरकारने. त्यांना शोधायला तुझं पाऊल उचललं नाही, आणि आम्हाला मात्र जन्मभर शोधत राहिलीस. चोरांवर ठेवतात तशी पाळत ठेवलीस आमच्यावर.”

बाईंच्या हातातली बाही गळून पडली. एक वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. गेली कित्येक वर्षं ते असंच ओठांपर्यंत येत होतं आणि त्या ते गिळत होत्या, कडू औषधासारखं... ते बोललं तर लेक आपली होईल हे त्यांना कळत होतं. पण मग त्या फोटोतल्या माणसाचं काय? या पोरांनी बाप धड पाहिलाही नाही. त्यांच्याकडे बापाचं एवढंच आहे, की तो कधी खोटं बोलला नाही. तेवढंही काढून घ्यायचं?

“जपून जा,” एवढंच त्या म्हणाल्या.

ठमीने बॅग उचलली, पाया पडायलाही वाकली नाही, आणि जिना उतरून गेली. दादा तिला सोडायला निघाला, तर त्यालाही तिने जिन्यातूनच परत पाठवलं.

मग सुरू झाली ती जीव खाणारी तगमग. बाईंनी मशीन चालवलं, तर दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या गेल्या. उसवल्या, पुन्हा जोडल्या, सुई मोडली. चहा ठेवला तो उतू गेला. खिडकीपाशी जावं, परत यावं, पुन्हा जावं... दादा नुसता बघत होता. “आई, बस ना जरा,” तो म्हणाला, तर बसल्या आणि लगेच उठल्या. आता धक्क्यावर पोचली असेल. आता बोटीत चढली असेल. आता खाडीच्या मध्यावर, तिथे... त्या विचाराशी आलं की मन आपोआप मागे फिरायचं, आणि पुन्हा धक्क्यापासून सुरू व्हायचं.

आणि फोन वाजला.

“आई,” ठमीचा आवाज जरा ओशाळलेला, जरा घाईचा. “पोचले गं. सुखरूप. झालं समाधान? आता जरा पड, काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तुझा.”

बाईंचं अंतःकरण भरून आलं. पोरगी रागाने बोलली, पण मायेने हरली! त्या नेहमीचं वाक्य बोलायला गेल्या, ‘तिथल्या कुणाकडे तरी...’ आणि तेवढ्यात फोनमधून बोटीचा भोंगा ऐकू आला, लांबलचक, आणि त्याच्यामागोमाग कुणीतरी ओरडलं, “बोटीला उशीर आहे, रांग मोडू नका!”

फोन बंद झाला होता.

“ती पोचली नाही,” त्या म्हणाल्या. “दादा, ती अजून निघालीच नाहीये. तिला थांबव.”

दादाने परत फोन लावला, तो कुणी उचलेना. तो चपला घालेपर्यंत बाई जिना उतरल्याही होत्या, अनवाणी, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबणारी. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, पण बाईंना ती दिसत नव्हती. त्यांना दिसत होती ती दुसरीच सकाळ, जिच्यावर त्यांनी इतकी वर्षं झाकण घट्ट दाबून ठेवलं होतं.

तेव्हा मास्तर पलीकडच्या शाळेत शिकवायचे. सोमवारी जायचे, शनिवारी यायचे, आणि सोमवारी शाळेत शिरले की ऑफिसातून ठरल्या वेळी घरी फोन. “पोचलो.” ठमी तेव्हा अंगावर पिणारी, तापाने फणफणलेली; तिला मांडीवर घेऊन बाईंनी रात्रीमागून रात्री जागून काढल्या होत्या. ‘तुमचा फोन आल्याशिवाय मी पाठ टेकणार नाही,’ असं त्यांनीच हट्टाने बजावलेलं. नेमक्या वेळी फोन आला. “पोचलो. सुखरूप. तू आता झोप.” आणि त्या झोपल्या. लेकराला कुशीत घेऊन, निर्धास्त, गाढ झोपल्या...! उठल्या तेव्हा गल्लीत आकांत चालला होता. बोट बुडाली होती. बाई शांतपणे सगळ्यांना सांगत होत्या, “आमचा माणूस पोचलाय. फोन आला होता.” शेजारणी धक्क्याकडे चला म्हणाल्या, त्या गेल्या नाहीत. वादळाने पलीकडच्या लाइनी तुटलेल्या, विचारायचं कुणाला? आणि विचारायचं तरी कशाला? त्या माणसाचा शब्द म्हणजे शब्द. उलट घरोघरी जाऊन त्या दुसऱ्यांचेच डोळे पुसत राहिल्या. मग शाळेचा शिपाई आला, बुडता बुडता वाचलेला. बोट त्या दिवशी उशिरा सुटली, म्हणाला. मास्तर म्हणाले, घरी वाट बघत बसेल, जरा फोन करून येतो... आणि या काठावरून फोन करून ते बोटीत चढले. शिपाई हे सांगायला आला, तोवर पलीकडे बेवारस प्रेतांचे अंत्यविधीही उरकले होते.

सासूबाईंनी एकच विचारलं होतं, “फोन आला म्हणालीस, तो काय मग? माझा मुलगा खोटं बोलला?” तेव्हा बाईंनी त्यांच्या पायांशी बसून सांगितलं, “नाही, आई. फोन आलाच नव्हता. मला जागरणाने भास झाला असेल.” त्यांनी ते खोटं आपल्या पदरात घेतलं. त्या दिवसापासून सासूबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत, ते अगदी शेवटपर्यंत.

धक्क्यावरच्या शेडमध्ये बाकड्यावर ठमी बसली होती, बॅग पायांत धरून. समोरून धापा टाकत येणारी आई बघून ती ताडकन उठली, आणि तिचा चेहरा अपमानाने लाल झाला.

“आई, इथेही? लोक बघतायत. निदान चप्पल तरी...”

“तू पोचले का म्हणालीस?”

“बोटीला उशीर झाला म्हणून. ठरल्या वेळी फोन आला नाही तर तू वेड्यासारखी करशील, मला माहीत आहे ना. म्हटलं सांगून टाकावं, म्हणजे तू जरा पडशील, झोपशील...”

ठमीला वाटलं आई आता ओरडेल. पण बाईंनी तिचे दोन्ही हात धरले, आणि त्यांच्या तोंडून असा काही हुंदका फुटला की रांगेतली माणसं बोलायची थांबली.

“त्यांनीही हेच केलं होतं गं... अगदी हेच. याच धक्क्यावरून.”

“कुणी?”

बाईंना अजूनही मागे फिरता आलं असतं. मागून दादा पळत आला होता, तोही थबकून उभा होता. दोन्ही पोरं त्यांच्याकडे बघत होती, आणि ते गिळलेलं वाक्य आता गिळवेना.

“तुमच्या बाबांनी. बोट सुटायच्या आधी फोन केला आणि म्हणाले, पोचलो. मी झोपावं म्हणून. मी झोपले, आणि मग त्यांचा शब्द धरून बसले, म्हणून शोधायला गेले नाही. मला वाटलं, पोचलेल्या माणसाला कशाला शोधायचं...” त्या खालच्या फरशीकडे बघत बोलत होत्या. “ते वाईट नव्हते रे. मायेने बोलले ते. पण लोकांना ते काय कळणार? म्हणून मी म्हटलं, फोन आलाच नाही.”

आईचं ते ‘कुणाकडे तरी फोन दे’, ती पाळत, तो वॉर्डातला फोन, भोंगा वाजताना मान न उचलणं... जे जे म्हणून तिला जन्मभर टोचलं होतं, ते सगळं तिच्या डोळ्यांसमोर उलटं होऊन सरळ झालं. ती खाली बसली आणि तिने आईची धुळीने माखलेली पावलं आपल्या ओढणीत घेतली.

“आत्याला का नाही सांगितलंस? आजीला? निदान आम्हाला?”

“तुमच्याकडे त्यांचं दुसरं काय होतं?”

“आमच्याकडे तू होतीस ना, आई,” दादा म्हणाला. हा थंड डोक्याचा मुलगा शेडच्या खांबाला टेकून लहान पोरासारखा रडत होता.

भोंगा वाजला. रांग हलली. ठमीने डोळे पुसले, बॅग दादाच्या हातात दिली, आणि आपल्या चपला काढून आईच्या पायांत सरकवल्या. त्या बाईंना जरा मोठ्याच होत्या.

“उद्या सकाळी रुजू व्हायचंय मला. आजचा दिवस मोकळा आहे. चल, आपण तिघं जाऊ.”

बाईंनी पाण्याकडे पाहिलं. कित्येक वर्षांत त्या या धक्क्यापर्यंतही आल्या नव्हत्या. पलीकडच्या भिंतीवर मास्तरांचं नाव आहे, हे त्यांना टीव्हीवरूनच ठाऊक. तिथे उभं राहायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्यांनी बोटीच्या फळीवर पाऊल ठेवलं. एका हाताला लेक होती, दुसऱ्या हाताला गेलेल्या माणसाच्या उंचीचा मुलगा होता, आणि मागची माणसं कुरकुर न करता थांबली होती.

बोट सुटली. काठ हळूहळू मागे जाऊ लागला, तशी बाईंनी ठमीचा दंड असा घट्ट धरला की तिला तो दुखायला लागला. तिने सोडवला नाही. शेजारच्या बाकावर एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. तिने बाईंचे सुजलेले डोळे, गळ्यातली टेप, पायांतल्या सैल चपला पाहिल्या, आणि जरा सरकून जागा करत विचारलं, “घाईघाईने निघालात वाटतं. पलीकडे कोण आहे तुमचं?”

बाईंनी गळ्यातली टेप काढून मुठीत गुंडाळली.

“आमचे हे आहेत,” त्या म्हणाल्या. “मला यायला जरा उशीर झाला.”