किल्ली कोणाच्या हातात होती?

राऊ गावातल्या कॉलेजात सकाळी दहाला प्रश्नपत्रिकेचा कपाटातला लिफाफा फाटलेला सापडला. इंग्रजीचा पेपर उद्याच होता. साडेअकराला प्राचार्य शिपाई पंढरीनाथला कायमचं घरी पाठवणार होते, आणि त्याच्या निवृत्तीला उरले होते दोन महिने.

पुरावा एकच. परीक्षाप्रमुख उन्मेष यांचा इंग्रजी रिपोर्ट.

इंग्रजीच्या निवेदिताबाईंनी तो तीनदा वाचला आणि कपाळावर हात मारला. ऑफिसातल्या निशांतला पंढरीनाथ कपाटापाशी दिसला, इथवर ठीक. पुढे नावच नाही, नुसता इंग्रजी 'ही', म्हणजे 'तो'. 'ही'च्या हातात किल्ली, 'ही' घाबरलेला. वीस वर्षं बाई पोरांना सांगत होत्या, सर्वनाम कोणाचं ते आधी कळू द्या. इथे मास्तरच आंधळे.

"हा 'ही' कोण, उन्मेषजी?"

"पंढरीनाथच. समझ जाओ ना मॅडम."

"लिफाफ्याला हात लावलात?"

"छे. पोहे खाऊन आलो, दारातूनच फाटलेला दिसला."

निशांत दोन महिन्यांपूर्वीच कोल्हापूरहून आलेला. "किल्ली माझ्या हातात होती, मॅडम. साडेनऊला खिळ्याला परत लावली. काका फडकं मारत होते." त्याच्या टेबलावर पोह्यांची रिकामी प्लेट होती, शेजारी जीरावनची, इथे पोह्यांवर भुरभुरतात त्या मसाल्याची, न फोडलेली पुडी. "हा मसाला काही जमत नाही मला."

पंढरीनाथ स्टुलावर बसून होता. "एकादशी आहे बाई, सकाळपासून पाणीसुद्धा नाही. मी चोर नाही."

बाईंनी लिफाफ्याची आतली बाजू उजेडात धरली. तपकिरी डाग. त्यांनी वास घेतला आणि तिघांना बोलावलं.

"काल संध्याकाळी हा माझ्यासमोर सील झाला. जीरावनचा डाग आतून आहे, म्हणजे उघडला तो आज, पोहे आल्यावर. काकांचा उपास. निशांतची पुडी बंद. उन्मेषजी, तुम्ही इथल्या मल्हारगंजचे. जीरावनशिवाय पोहे तुमच्या घशाखाली उतरत नाहीत."

बाईंनी आतली प्रश्नपत्रिका बाहेर काढली.

"दुसऱ्या पानाचा कागद वेगळा आहे. सर्वनामांचे प्रश्न तुम्हीच काढलेत ना? का बदललं पान?"

"एकेका प्रश्नाला दोन-दोन उत्तरं निघत होती," उन्मेष हळूच म्हणाले. "तुम्ही सगळ्यांसमोर हसला असता. बदलताना लिफाफा फाटला, घाबरलो."

"आणि तुमच्या लाजेपायी या माणसाची नोकरी जाणार होती." बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "परत लिहा. या वेळी नाव घालून."

उन्मेषनी पेन उचललं आणि पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव लिहिलं.

पंढरीनाथने घड्याळाकडे पाहिलं. साडेअकराला पाच कमी होते. "बाई, तासाची घंटा द्यायची राहिलीये," तो म्हणाला आणि उठला.