दातांच्या खुणांची डबी

“बर्फ आणायला सांगितला होता, हरिओम! हे तर पाणी हाय!”

“मग उन्हाशी जाऊन भांड की! लातूरचा मे महिना हाय, मी काय करू?” हरिओम धापा टाकत म्हणाला आणि ओल्या रुमालातले उरलेसुरले दोन खडे त्याने पुढे केले.

बुद्धप्रियाने ते झटकन उचलले. ती शेजारच्या घरातली, यंदा नववीत जाणारी. प्रयोग म्हटला की तिला तहानभुकेचं भान राहत नसे. हरिओम सातवीतला, तोंडाचा पट्टा सतत चालू. आणि ज्या वस्तूसाठी एवढी धावपळ चालली होती, ती मुठीत घट्ट धरून हरिओमची चुलत बहीण शिवांगी भिंतीला टेकून बसली होती.

ती होती इष्टलिंग ठेवून गळ्यात घालायची लिंगाची डबी, चांदीची, शिवांगीच्या आईची. आई संक्रांतीनंतर गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिचं इष्टलिंग तिच्याबरोबर मातीत गेलं, पण डबी मात्र शिवांगीच्या वडिलांनी, अप्पांनी काढून ठेवली. “दीक्षेच्या दिवशी शिवांगीचं लिंग हिच्यात ठेवू,” एवढंच ते म्हणाले आणि मग कितीतरी दिवस कुणाशी धड बोललेच नाहीत.

आईच्या साड्या होत्या, चष्मा होता, पण शिवांगीला हवी होती ही डबीच. तिच्या झाकणाच्या कडेला बारीक बारीक खड्डे होते. दात येत होते तेव्हा शिवांगी आईच्या मांडीवर बसून ती डबी चावायची. शुद्ध चांदी मऊ, त्यामुळे दात उमटले ते कायमचे. काम आटोपून आई जरा टेकली की तिचा अंगठा त्या खड्ड्यांवरून फिरायचा. “माझ्या उंदराचे दात!” म्हणून ती हसायची.

दीक्षा जवळ आली तशी हरिओमच्या आईने, म्हणजे जगदेवीकाकूंनी, डबी मोठ्या हौसेने रामलिंगकाका सराफांकडे पॉलिशला दिली. परत आली ती लखलखत! आणि खड्डे गायब!

“ही आईची न्हाई,” शिवांगी म्हणाली होती.

“अगं, पॉलिशमधी गेले असतील,” काकू म्हणाल्या. अप्पांनीही मान डोलावली. मोठी माणसं एकदा ‘असतील’ म्हणाली, की तो विषय त्यांच्यापुरता संपलेला असतो!

“पॉलिशनं ओरखडे जातात, खड्डे कसे जातील?” बुद्धप्रिया आता म्हणत होती. “आणि तुझ्या गळ्यावर हा हिरवट डाग बघ. चांदी काळी पडती, हिरवी न्हाई.”

“पण मी चुंबक लावून पाहिला!” हरिओम मध्येच तडतडला. “चिकटला न्हाई. म्हणजे चांदीच!”

“तुझ्या आईच्या पितळी डब्याला तरी चिकटतो का? मग तोबी चांदीचा?”

हरिओमने चुंबक गुपचूप खिशात सारला. 

बुद्धप्रियाने देवघरातली चांदीची वाटी पालथी घातली. एक खडा वाटीवर ठेवला, दुसरा डबीवर. तिघांची डोकी एकमेकांना टेकली. वाटीवरचा बर्फ तव्यावर ठेवल्यासारखा भराभर विरघळायला लागला. डबीवरचा मात्र आरामात बसून राहिला!

“चांदीतून उष्णता लई जोरात वाहती,” बुद्धप्रिया हळूच म्हणाली. “ही चांदी न्हाई, शिवांगी. वरून नुसता मुलामा हाय.”

शिवांगीला आनंद व्हायला हवा होता, तिचंच खरं ठरलं होतं. पण तिला एकच प्रश्न पडला: ही आईची नाही, तर मग आईची कुठे आहे?

“चला रामलिंगकाकांच्या दुकानात!” हरिओम उठला. “पण नुसतं विचारलं तर ते ‘पॉलिश, पॉलिश’च म्हणून राहतील. मला एक आयडिया सुचलीय!”

सराफ लाइनीतल्या आपल्या दुकानात रामलिंगकाका फोन कानाला लावूनच गिऱ्हाईक करत होते. शिवांगी दाराआड थांबली, कारण तिघांपैकी तिलाच ते ओळखत होते. बुद्धप्रिया पुढे झाली.

“काका, ही डबी मोडीत घालायची हाय. चांदीच्या भावानं घ्याल का?”

मोडीत घ्यायची म्हटल्यावर मात्र काकांनी फोन खाली ठेवला. कडीजवळ कानशीने जरासं घासलं, मग कसोटीच्या दगडावर रेघ ओढली, आणि हसले.

“कुणी बनवलं रे लेकरांनो तुम्हाला? हे गिलट हाय! तांबं, निकेल असलं काहीबाही. वर चांदीचं पाणी चढवलंय.”

“नक्की का?” हरिओमने निरागसपणे विचारलं.

“अरे, चाळीस वर्षं झाली या गादीवर बसून! डोळे मिटून सांगतो!”

“मग डोळे उघडून सांगा, काका,” शिवांगी आत येत म्हणाली. “तुम्हीच दिलीय ती. माझ्या आईची म्हणून.”

काकांचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी डबी उलटीपालटी केली. मग कपाळावर हात मारला.

“पॉलिशवाल्याकडं त्या दिवशी दोन डब्या गेल्या होत्या. एक तुमची, एक माझ्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, मुदखेडच्या शिवमूर्तींच्या आईची. दोन्ही एकाच घाटाच्या, लाल दोऱ्यातल्या. आल्या तशा मी देऊन टाकल्या, पोरी. पाहिल्याच न्हाईत!”

“म्हणजे आईची डबी मुदखेडला हाय?” शिवांगीचा आवाज कितीतरी दिवसांनी चढला. “हाय ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी रामलिंगकाकांनी स्वतःची गाडी काढली. अप्पा पुढे, तिघं मागे. हरिओम रस्ताभर बोलत होता, नांदेडच्या पुलावरून गोदावरी दिसली तेव्हा तर त्याने गाणंच सुरू केलं! शिवांगीही हसली. डबी हातात आल्यावर अंगठा पहिल्यांदा कुठून फिरवायचा, हे तिने मनात ठरवूनही ठेवलं होतं.

मुदखेडच्या घरात शिरताच हरिओमचं गाणं थांबलं. समोर भिंतीवर एका म्हातारीचा फोटो होता आणि त्याला ताजा हार.

“आमच्या आई, बसम्मा,” शिवमूर्ती म्हणाले. “पंधरवडा झाला.”

रामलिंगकाकांनी चाचरत सगळं सांगितलं. शिवमूर्ती ऐकत गेले आणि त्यांची मान खाली खाली गेली.

“डबी?” अप्पांनी विचारलं.

“आम्ही काढली न्हाई हो. लिंग हातात दिलं आन् डबी गळ्यातच ठेवली. डबीसकट माती दिली.”

 शिवांगीला वाटलं, आई पुन्हा एकदा गेली. त्या वेळी सगळे रडत होते म्हणून ती रडली नव्हती. आता रडावंसं वाटत होतं, तर रडूच येईना.

“सासूबाईंच्या ध्यानात आलं होतं,” दारातून शिवमूर्तींच्या पत्नी शिवम्मा म्हणाल्या. “डबी आली त्या दिवशीच आत्याबाई म्हणल्या, ‘ही माझी न्हाई. हिच्यावर कुण्या लेकराचे दात हायत. त्याची आई शोधत असंल. नेऊन द्या.’ रोज म्हणायच्या.”

“मग का न्हाई दिली?” बुद्धप्रियाला राहवलं नाही.

शिवमूर्ती तिच्याकडे न बघता म्हणाले, “मी म्हणलं, म्हातारी बडबडून राहिली. पॉलिश केल्यावर वेगळी दिसती, म्हणलं.”

अप्पांनी डोळे मिटून घेतले. त्यांनीही तर अशीच मान डोलावली होती.

“तुम्ही म्हणत असाल तर,” शिवमूर्ती अडखळले, “आमच्या महाराजांना विचारू. माती उकरून...”

“न्हाई!” शिवांगी जोरात म्हणाली. “राहू द्या. त्यांना झोपू द्या.”

तेवढ्यात तिला कुणाची तरी नजर जाणवली. शिवम्मांच्या मागे त्यांची धाकटी मुलगी राजेश्वरी उभी होती आणि शिवांगीच्या गळ्यातल्या डबीकडे टक लावून पाहत होती.

“ही आमच्या आजीची हाय,” ती पुटपुटली. “कडी आजीनंच दाबून वाकडी केली होती.”

कडी खरंच वाकडी होती. इतके दिवस शिवांगीने या डबीला खोटी, नकली म्हणून शिव्या घातल्या होत्या. हरिओमने तर दगडाने ठोकायचीही तयारी केली होती! आणि ही तर कुणाच्या तरी आजीची खरीखुरी डबी होती. शिवांगीने दोरा मानेवरून काढला आणि डबी राजेश्वरीच्या हातात ठेवली. राजेश्वरीने ती गालाला लावली.

“आजी अंगठा फिरवायची का गं, त्या दातांवरून?” शिवांगीने विचारलं.

“हाव! बोलणं बंद झालं तरी फिरवत होती.”

मग मात्र शिवांगीला रडू फुटलं. हरिओम नुसताच तिच्या शेजारी बसून राहिला. 

लातूरला सगळ्यांनी तिघांचं तोंड भरून कौतुक केलं. काकूंनी शिवांगीला जवळ घेतलं आणि “चुकलं गं माझं,” असं तीनतीनदा म्हणाल्या. “चाळीस वर्षांच्या सराफाला पोरांनी कसाला लावलं!” असं रामलिंगकाका येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले. दीक्षेसाठी त्यांनी शुद्ध चांदीची नवी डबी स्वतः आणून दिली.

दीक्षेच्या दुपारी पाहुणे जेवत असताना शिवांगी एकटीच मागच्या पायरीवर बसली होती. अप्पा येऊन शेजारी टेकले.

“तुझं ऐकायला पाहिजे होतं मी,” ते म्हणाले. “तू लई शहाणी पोर हायस. तुझी आई असती, तर पहिल्या झटक्यात ओळखलं असतं तिनं.”

शिवांगीने गळ्यातली नवी डबी तोंडात धरली आणि कडेला करकचून चावली. मग ती अप्पांना दाखवली. चांदी अस्सल होती, दात लगेच उमटले होते. रुंद, मोठे.

“उंदराचे न्हाईत हे, अप्पा,” ती म्हणाली. “माझे दात मोठे झालेत.”

अप्पांनी आपला अंगठा त्या खुणांवर ठेवला आणि पाहुणे हाका मारत राहिले तरी कितीतरी वेळ तो उचलला नाही.