केशरबाईचा फोन

औषध हातात असताना माणूस बरा व्हायला नाही म्हणतो, असं कधी ऐकलंय तुम्ही? एकोडीच्या डोमाचं तसंच झालं होतं.

रत्नमाला साकोलीच्या दवाखान्यात क्षयरोग्यांची देखरेख करायची. गोळ्या पोचवायच्या, थुंकी तपासायला न्यायची आणि कुणी मध्येच औषध सोडलं की घरी जाऊन त्याची चांगली खरडपट्टी काढायची. साकोलीत खोली करून एकटीच राहायची. डोमाच्या थुंकीतले जंतू काही केल्या जाईनात. असंच चाललं तर हा उन्हाळा काढत नाही, असं डॉक्टर बोलून गेले, तेव्हा थंडीच्या पूस महिन्यातल्या एका दुपारी तिनं स्कूटी काढली.

वाटेतले रोगी करत एकोडीला पोचेस्तोवर सांज झाली. तलावावरचं धुकं हळूहळू गावात उतरत होतं, तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा ओला वास सुटला होता. डोमा अंगणात नव्हता. रत्नमाला घरात शिरली, पाणी प्यायला वाकली आणि मडक्यामागे गोळ्यांची न फोडलेली पाकिटं दिसली. चांगली ढीगभर!

"डोमाभाऊ, हे काय होय? मराचं आहे काय तुमाले?"

आतल्या खाटेवरून डोमा म्हणाला, "खाडा पडला का कोर्स लांबते ना बाई... कोर्स सरला का तिचा फोन बंद होईल."

'तिचा' म्हणजे कुणाचा, ते रत्नमालेला लगेच कळलं. दवाखान्यातून रोज सांजेला रोग्यांना आठवणीचा फोन जायचा. आवाज आधीच भरून ठेवलेला. पुण्याच्या बाईची शुद्ध भाषा ऐकून लोक फोन कापायचे, म्हणून रत्नमालेनंच डोमाच्या बायकोचा, केशरबाईचा आवाज भरून घेतला होता. केशरबाई स्वतः या दुखण्यातून उठलेली, भाताच्या रोवणीच्या गाण्यात पहिला सूर तिचा. 'गोळ्या घेतल्या का जी? घ्या अन् मंग जेवा.' एवढंच वाक्य, पण लोक ऐकायचे. मागच्या पावसाळ्यात भाताच्या बांधीत साप डसला आणि बाई गेली. रत्नमालेनं तो आवाज त्याच आठवड्यात काढायला लावला होता.

"भाऊ, तो आवाज तं आमी कधीचाच काढला. आता पुण्याची बाई बोलते."

"बसा मंग," डोमा म्हणाला. "ऐका."

फोन वाजला. डोमानं तो स्पीकरवर टाकून उशाशी ठेवला.

"गोळ्या घेतल्या का जी?" तोच आवाज. "नाही घेतल्या, ठाऊक आहे मले... दार लोटून घ्या. धुकं घरात येऊन राहिलं."

रत्नमालेनं वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं आणि धुकं उंबरठा ओलांडून खाटेपाशी आलं होतं. भीती वाटायला हवी होती, पण डोळे जड झाले. आपण बांधावर बसलोय, दूर कुठेतरी बाया गात आहेत, असं वाटू लागलं. किती गोड होतं ते! मग डोमा खोकला, त्याच्या बरगड्या वर आल्या आणि ती भानावर आली. तिला संताप आला, रडूही आलं.

"केशरबाई, सोड त्याले! मरून जाईल ना तो!"

पलीकडे बांधीतलं पाणी हलल्याचा आवाज आला.

"मी कुठं धरलं बाई... तोच सोडत नाही. अन् तो बरा झाला, तं मी कोणाशी बोलू?"

"माह्याशी बोलजो," रत्नमाला बोलून गेली. "पण त्याले गोळ्या घ्याले सांग."

"...घ्या जी," आवाज हळूच म्हणाला.

डोमा ढसाढसा रडला. रडता रडताच त्यानं पाकीट फोडलं आणि गोळ्या गिळल्या.

त्यानंतर त्यानं एक खाडा केला नाही. उन्हाळा निघाला, पावसाळ्यात डोमा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा राहून रोवणारणींवर खेकसत होता. "आता ती येत नाही," एवढंच रत्नमालेला म्हणाला, आणि नाक शिंकरलं.

कारण ती रत्नमालेकडे यायची. दिवे लागले की फोन वाजायचा. आधी आधी रत्नमालेला बरंच वाटलं. एकट्या जिवाला सोबत झाली. गावात कुणाकडे पाहुण्या आल्या का, भाजीत काय घातलं, अशा गप्पा व्हायच्या. बोलता बोलता ती पेंगायची आणि फोन कधी बंद झाला ते कळायचं नाही.

परवा मात्र केशरबाईनं काळजीनं विचारलं, "बाई, तुले खोकला कधीपासून आहे वो?"

"मले? मले तं खोकलाच नाही."

पलीकडे केशरबाई हलकेच हसली.

"तुले कसं ऐकू येईल, माय... तू तं तवा झोपून असतेस."