निसर्गाचा वाटा

मानपाड्याच्या आमच्या लॅबमध्ये तीन वास कायम असतात. शेजारच्या रंगाच्या कारखान्याचा, एसीच्या ओलाव्याचा, आणि साडेअकराला खाली टपरीवर वडे तळतात त्याचा. गेली बावीस वर्षं मी या वासांत बसून अणुवीज केंद्रांत काम करणाऱ्या लोकांचे बॅज वाचते. वाचते म्हणजे काय, ते आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं माझ्या डोक्याचा बिघाड वाटेल. तरी वाटेलच म्हणा.

काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची डबी असते, छातीला लावायची. आत एक पातळ कार्ड, आणि कार्डात शर्टाच्या बटणाएवढ्या तीन तबकड्या. माणूस किरणोत्सारात वावरला की त्या तबकड्या ते सगळं गुपचूप साठवून ठेवतात. महिन्याने कार्ड आमच्याकडे येतं. मशीनमध्ये तापवलं की साठवलेलं सगळं उजेड होऊन बाहेर पडतं, मशीन तो उजेड मोजतं आणि पडद्यावर टेकडीसारखी रेघ उमटते. टेकडी जेवढी उंच, तेवढा डोस जास्त. आणि वाचलं की पुसलं जातं. कार्ड कोरं होतं, दुसऱ्यांदा विचारायची सोय नाही.

अजून एक सांगते. साफ सपाट रेघ कधीच येत नाही. आकाशातून, जमिनीतून, भिंतीतल्या विटांतून थोडं थोडं प्रत्येकाला मिळतंच. तुम्हाला, मला, फलाटावर झोपलेल्या कुत्र्याला. आम्ही त्याला निसर्गाचा वाटा म्हणतो. शिशाच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेल्या कार्डालासुद्धा तो थोडा पोचतो. बावीस वर्षांत मी सपाट रेघ पाहिली नव्हती.

माझा धाकटा भाऊ प्रीतम फिटर आहे. आहे असंच लिहिते. वीज केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हा ठेकेदाराची माणसं आत जातात, त्यांतला एक. हात चांगला, आणि तोंड त्याहून चांगलं. एक विचारावं तर तीन सांगणार. लहानपणी मी त्याचे पाढे घ्यायची, मोठेपणी तीन शब्द पाठ करून घेतले. वेळ, अंतर, आडोसा. आत कमीत कमी वेळ थांबायचं, होईल तेवढं लांब उभं राहायचं, आणि मध्ये काहीतरी जाड ठेवायचं. "ताई, तू मला जेवायला वाढताना पण हेच सांगशील," म्हणायचा मेला.

या जानेवारीत तो डोंबिवलीला माझ्याकडे आला. वर्षभरात जेवढा डोस चालतो तेवढा त्याचा भरत आलेला. मर्यादा ओलांडली की आतलं काम तिथल्या तिथे बंद. आणि पुढच्या दोन महिन्यांचं दुरुस्तीचं काम त्याला पुरं करायचं होतं, कारण ठेकेदाराने पुढे बाहेरची सुपरवायझरची जागा कबूल केलेली.

"बाहेरची खुर्ची, ताई. परत आत पाय नाही ठेवणार. संचिताची शपथ."

संचिता त्याची बायको. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नव्हतं. डॉक्टर म्हणायचे कामाचा संबंध नाही, पण तिच्या मनातून ते जात नव्हतं. तो कायमचा बाहेर येणार म्हटल्यावर मीही विरघळले.

कपडे बदलायच्या खोलीत खुंटीला बॅज अडकवून तसेच आत जाणारे महाभाग मी बावीस वर्षं पकडत आले. तावातावाने पत्रं लिहिली. आणि सख्ख्या भावाच्या वेळी अक्कल गहाण टाकली. फेब्रुवारीच्या पाकिटात त्याच्या नावाची डबी पाठवली ती रिकामी. त्याचं खरं कार्ड माझ्याकडेच शिशाच्या पेटीत ठेवलं. महिन्याने वाचायचं, निसर्गाचा वाटा येणार, तो लिहायचा, संपलं.

महिन्याने वाचलं. टेकडी आली. चांगली उभी टेकडी.

पेटीत त्याच्या शेजारी चार कार्डं होती. ती नेहमीसारखी. मशीन तपासलं, ठीक. कार्डाचा नंबर तीनदा पाहिला, त्याचाच. मला भूतखेत पटत नाही. मी म्हटलं, तबकडी खराब असेल. त्याच्या नावापुढे किरकोळ आकडा लिहिला, मार्चच्या पाकिटात पुन्हा रिकामी डबी पाठवली, आणि कार्ड रोज सकाळी वाचायला लागले. मंगळवारी टेकडी. बुधवारी टेकडी. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी दुप्पट.

त्याच दिवशी फोन केला.

"परवा सुट्टी होती का रे?"

"हो. का?"

"आणि काल दोनदा आत गेलेलास?"

"तुला कोणी सांगितलं? पंढरी आजारी पडला म्हणून त्याची पाळी पण मीच केली."

रोजचे आकडे मिळवले तर मर्यादा केव्हाच ओलांडलेली. त्याच दिवशी केंद्राला पत्र जायला हवं होतं. पण कार्ड कुठे होतं ते लिहावं लागलं असतं. माझी नोकरी, त्याची खुर्ची. भ्याले मी. सरळ सांगते, भ्याले.

अकरा मार्चच्या सकाळी रेघ पडद्याच्या वर गेली. पूर्ण महिन्याचं एका दिवसात. त्याचा फोन बंद. मी दुपारपर्यंत पन्नासदा लावला असेल. साडेचारला त्याचाच आला.

"काल आत अडकलेलो जरा. लाईट गेली. व्हॉल्व्हच्या मागे होतो."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

"अरे, मग बाहेर कसा आलास?"

"आलो ना."

एवढंच. एक विचारलं आणि एकच सांगितलं. म्हटलं, आजच्या आज निघ, खड्ड्यात गेली ती खुर्ची, नाहीतर मी सगळं लिहून देते. तो बरं म्हणाला. वाद घातला नाही.

आल्या आल्या त्याच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त चांगलं. मग अंगातला किरणोत्सार मोजतात त्या यंत्राखाली झोपवलं. तिथला माणूस कागद देताना हसला. "मॅडम, इतका स्वच्छ माणूस आम्ही अजून बघितला नाही." येताना माजिवड्याच्या पुलाखाली रिक्षा अर्धा तास अडकली, तेवढा वेळ मी रडत होते. आनंदाने. प्रीतम शेजारी बसून समोरच्या ट्रककडे बघत होता.

मग मी कार्ड कायमचं पुसून टाकायला पेटी उघडली. तो घरी येऊन पाच दिवस झालेले, तेवढे दिवस मी ते वाचलं नव्हतं.

टेकडी होती. अकरा मार्चसारखीच, पाच पट.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता कमीजास्त नाही, मधे सुट्टी नाही. रविवार असो, गुढीपाडवा असो, रोज एकच आकडा. माणूस एका जागी उभा राहिला आणि तिथून हललाच नाही, तर येईल तसा.

कळव्याला त्यांच्या घरी गेले. प्रीतम खिडकीत बसून खाडीकडे बघत होता.

"तुझी डबी कुठे आहे रे? नावाची?"

"आतच राहिली."

"आत कुठे?"

"व्हॉल्व्हच्या मागे," तो म्हणाला. आणि माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाला, "वेळ, अंतर, आडोसा." पाढा म्हणावा तसं.

संचिता मात्र खूष होती. नवरा घरात, वेळेवर जेवतो, चिडत नाही, मोबाईल बघत नाही. "आणि एक गंमत सांगू, ताई? ह्यांना डास चावेनासे झालेत. खाडीचे एवढाले डास! मला फोडून खातात आणि ह्यांच्या अंगावर एक बसत नाही." ती हसली, मीही हसले. तिच्या हातावर लाल गांधी होत्या.

मे संपताना तिने मला मुद्दाम बोलावलं. दारातच हात धरला. "ताई, तुम्ही आत्या होणार."

या बातमीसाठी मी सहा वर्षं देव पाण्यात घातले होते. तिला मिठी मारली, आणि तिच्या खांद्यावरून बघत महिने मोजत राहिले. दुसरा. म्हणजे तो परत आल्यानंतरचं. प्रीतम हसत होता. जिथे हसायला हवं तिथे बरोबर हसत होता. एवढी मोठी बातमी, आणि मला आनंद होईना.

जूनमध्ये मी तीन नवी कार्डं डब्यांत घालून कळव्याला नेली. घरातलं मोजतोय आमच्याकडे, महिनाभर लावा, अशी थाप मारली. एक प्रीतमला, छातीवर. संचिताला दोन. गरोदर बायकांना आम्ही पोटावर वेगळा बॅज देतो, तसा तिलाही दिला. प्रीतमने काही विचारलं नाही. सवयीने खिशाच्या वर लावला.

काल तिन्ही परत आणली. माझ्या पर्समध्ये, एकाच कप्प्यात, कळव्यापासून मानपाड्यापर्यंत.

आज सकाळी वाचायला बसले. खाली वडे तळत होते. आधी शिशाच्या पेटीतलं कार्ड लावलं. रोजचाच आकडा.

मग संचिताचं छातीवरचं. छोटीशी टेकडी. निसर्गाचा वाटा, जसाच्या तसा.

मग प्रीतमचं.

सपाट.

मशीन बंद केलं, चालू केलं. शेजारचं कोरं कार्ड लावून पाहिलं, त्यालाही कालपासूनचा वाटा मिळालेला. प्रीतमचं एक महिना त्याच्या छातीवर होतं. त्याच खोलीत, त्याच पलंगावर. माझ्या पर्समध्ये दोन तास होतं. तेवढ्यातही काही मिळायला हवं होतं.

पेटीतलं कार्ड ज्याचं मोजतंय तो खरा, अजून व्हॉल्व्हच्या मागे. घरातला कोणीच नाही.

मोबाईल वाजला. संचिताने सोनोग्राफीचा फोटो पाठवलेला. खाली लिहिलं होतं, सगळं नॉर्मल, ठोके छान आहेत, हे सोबत आलेले.

मी तिचं पोटावरचं कार्ड मशीनमध्ये सरकवलं.

वाचलं की पुसलं जातं, म्हणून बटण दाबताना मी नेहमी जरा थांबते. आजही थांबले. थांबायची गरज नव्हती. त्या कार्डावर पुसायला काही नव्हतंच.