काचेच्या पेटीची दुसरी कडी

"काठोकाठ भरा रे. आज घरात अर्धं भांडं ठेवायचं नसतं," आई चुलीपासून म्हणाली, आणि वेणू-जगनची शर्यत सुरू झाली.

अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. शाळेला मे महिन्याची सुट्टी. पनवेलच्या बाजारामागच्या त्या घरात पहाटेच पडवी शेणाने सारवून झाली होती आणि तिचा ओला, थंड वास अजून घरभर होता. परसातल्या विहिरीवर रहाट करकरत होता. हंडे, कळशा, तपेली, तांबे, जे हाताला लागेल ते दोघं भावंडं भरत सुटली होती.

"माझी अकरा झाली," जगन म्हणाला. तो दहा वर्षांचा होता आणि हरायला मुळीच तयार नसायचा.

"लोट्या धरून?"

"लोटी म्हणजे काय टोपी आहे? भांडंच ना?"

वेणूचीही अकरा झाली होती. बारावं काही दिसेना. तिने पडवीत नजर फिरवली. पाण्याची भांडी ठेवायच्या घडवंचीशेजारी, तशाच एका उंच चौरंगावर दिनानाथमामाची काचेची पेटी होती. पेटीत वरती वीतभर जागा रिकामी होती.

पेटीत फण्या राहायचा.

दिनानाथमामा आफ्रिकेत युगांडाला नोकरीला होता. महिन्यापूर्वी तो रजेवर आला, तेव्हा बोटीच्या प्रवासात रॉकेलच्या धुतलेल्या डब्यातून त्याने हा मासा सांभाळून आणला होता. त्याचं नाव बिचीर. दीड वीत लांब, सापासारखा अंगाचा, दगडी रंगाचा. पाठीवर फणीच्या दातांसारखे पंख ओळीने उभे, म्हणून मुलांनी त्याला फण्या म्हणायला सुरुवात केली. पुढच्या दोन पंखांवर तो तळाशी रांगत्या बाळासारखा टेकून बसायचा. मध्येच सरळ वर यायचा, तोंड बाहेर काढून हवेचा घोट घ्यायचा आणि पुन्हा खाली. शाळा उघडली की पेटीसकट तो वेणूच्या शाळेतल्या विज्ञानाच्या खोलीत जाणार होता. मुख्याध्यापकांना तसं पत्रही गेलं होतं.

पेटीला मामाने सुताराकडून जाळीचं झाकण करून घेतलं होतं, दोन बाजूंना दोन कड्या. पहिल्याच दिवशी त्याने मुलांना बजावलं होतं की पाणी वीतभर खालीच ठेवायचं, म्हणजे त्याला श्वासाला हवा मिळते आणि उडी मारून काठ गाठता येत नाही. आणि दोन्ही कड्या लावल्याशिवाय पेटीपासून हलायचं नाही. "बोटभर फट मिळाली की हा पसार," मामा म्हणाला होता.

वेणूला हे सगळं पाठ होतं. पण आज अर्धं भांडं ठेवायचं नव्हतं, आणि जगन बारावा तांब्या घेऊन येत होता. तिने झाकण काढलं, दोन कळशा ओतल्या, पाणी काठाला लावलं. झाकण ठेवून एक कडी लावली. दुसरीचं लाकूड पाण्याने फुगलं होतं, कडी बसेना. तेवढ्यात आईने पूजेला हाक मारली.

"बारा," वेणू ओरडली आणि आत पळाली. कडी नंतर लावू, असं तिने मनात म्हटलंही होतं.

आठच्या सुमाराला गुणाबाई आली. ती कोळीवाड्यातली. फण्यासाठी ती रोज लोटीत जिवंत कोळंबी आणायची, मग पाटी घेऊन बाजारात बसायची. पाटी जड, एकटीने डोक्यावर घेता यायची नाही. रोज वेणू एका बाजूने हात लावायची आणि गुणाबाई म्हणायची, "हात लाव गो माजी बाय." आज आई पुरणात आणि वेणू नैवेद्याच्या पानांत गुंतलेली. गुणाबाई पडवीत बराच वेळ एकटीच बसली, लोटी पेटीजवळ ठेवली आणि रस्त्यावरच्या कोणाला तरी पाटीला हात लावायला सांगून निघून गेली.

अकरा वाजता मामा कोळंबी घालायला गेला. पेटी काठोकाठ भरलेली होती आणि पेटीत कोणी नव्हतं.

मामाचा चेहरा उतरला. मग तो लाल झाला. इथे कोण कोण आलं होतं, असं त्याने विचारलं. जगन म्हणाला, आम्ही सगळे पूजेत होतो. वेणूच्या घशाशी शब्द आला होता. कडी, दुसरी कडी. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"गुणाबाई एकटीच होती पडवीत. खूप वेळ."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. तरी ते बोलताना वेणूचे कान गरम झाले.

मामाला एवढंच पुरलं; पाणी कोणी भरलं, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. परवाच गुणाबाई पेटीत वाकून हसत म्हणाली होती, "यो कालवनात कसा लागंल, मामा?" तेव्हा मामाही हसला होता. आता त्याला स्वतःचं ते हसू आठवेना. चपला घालून तो तरातरा बाजाराकडे गेला आणि अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने परत आला.

त्याच्या मागोमाग चंद्रावती आली. ती गुणाबाईची नात, वेणूच्याच वर्गातली, एकाच बाकावरची. धावत आल्याने तिला धाप लागली होती.

"तुझ्या मामांनी आजीची पाटी ओतायला लावली," ती म्हणाली. "सगळ्या बाजारासमोर. बोंबील, मांदेली, सगळं मातीत. आजी एकेक मासा उचलून धूत बसली." तिने वेणूकडे रोखून पाहिलं. "तू सांगितलंस ना, ती एकटी होती म्हणून?"

वेणूला मान वर करता येईना. आपल्याला जमीन गिळेल तर बरं, असं तिला वाटलं.

"मी फण्याला शोधणार आहे," ती कशीबशी म्हणाली. मनात एक भित्री आशा होती. तो सापडला तर कदाचित काहीच सांगावं लागणार नाही.

"मीपण शोधणार," चंद्रावती म्हणाली. "पण तुझ्यासाठी नाय."

जगनने माळ्यापासून सुरुवात केली. "मासा शिडी चढतो होय रे?" चंद्रावतीने विचारलं, तेव्हा तो गुपचूप खाली आला. चंद्रावती पडवीत उकिडवी बसून मामा माशाबद्दल काय काय सांगायचा ते विचारत होती. हवा घेतो? पंखांवर रांगतो?

"मग तो आमच्या निवटीसारखाच की," ती म्हणाली. खाडीच्या चिखलात निवटी ही छोटी मासळी पाण्याबाहेर बसते, उड्या मारते, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. "ओल असली की तिला काय होत नाय. ओल कुठंय तुमच्याकडे?"

पेटीच्या चौरंगापुढे चटई होती. दानाचा घट घ्यायला येणाऱ्या शेजारच्या म्हाताऱ्या कमळाबाईंसाठी आईने ती पूजेनंतर अंथरली होती. चंद्रावतीने ती उचलली.

खाली पहाटेचं सारवण होतं. त्या वेळी ते ओलं असणार, कारण आता वाळलेल्या शेणात एक नागमोडी रेघ स्पष्ट उमटली होती, जाड दोरी ओढत नेल्यासारखी. दोन्ही बाजूंना छोटे छोटे खळगे. पंखांचे. रेघ थेट पडवीच्या कोपऱ्यातल्या मोरीपर्यंत जात होती आणि पाणी जायच्या भोकाशी संपत होती.

"मोरीचं पाणी अळूत जातं," जगन आणि वेणू एकदम म्हणाले.

परसात अळूचं दाट आळं होतं. भर उन्हातही तिथे गार चिखल असायचा. वेणू आत घुसणार, तोच चंद्रावतीने तिची वेणी धरून मागे ओढलं. निवटी पकडताना धावायचं नसतं. चिखलावर बुडबुडा कुठे फुटतो ते बघायचं, आणि वरून झडप न घालता दोन्ही हात खालून घालायचे.

तिघं पानांत वाकून बसली. डास चावत होते. कोणी हललं नाही.

एका जाड देठाच्या बुडाशी चिखल फुगला आणि फुटला. चंद्रावतीने कोपरापर्यंत हात घातले. फण्या वर आला तेव्हा चिखलाचा गोळाच वाटत होता, मग गोळ्याने शेपटी मारली. वेणूने अळूचं सर्वांत मोठं पान ओलं करून पुढे धरलं.

जगनने पुढे धावत जाऊन पेटीतलं पाणी वीतभर उपसलं. पेटीत सोडल्यावर फण्या तळाशी गेला, थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग हळूच वर आला आणि हवेचा घोट घेतला.

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने वेणूच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! शाळेत तुमचं नाव सांगणार मी. वेणू, तू हुशार आहेस हो."

ती थाप वेणूला चटक्यासारखी लागली.

"पाणी मीच काठाला भरलं होतं," ती म्हणाली. "दुसरी कडी मी लावली नाही. गुणाबाईंनी पेटीला हातही लावला नाही. मला तेव्हाच माहीत होतं, मामा."

आई पदराला हात पुसत दारात उभी होती. चंद्रावती म्हणाली, "इथं सांगून काय उपयोग? पाटी इथं ओतली होती काय?"

चार वाजता मासळीबाजार पुन्हा भरला. वेणू पुढे, मामा मागे, आणि त्यांच्यामागे चंद्रावती. अंतर पाच मिनिटांचं, पण वेणूला तो रस्ता संपूच नये असं वाटत होतं. बायकांनी त्यांना येताना पाहिलं आणि बोलणी थांबली. ठमाबाई नावाची एक थोराड कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता कोनाची पाटी बघाची हाय?"

गुणाबाई मान खाली घालून मांदेली निवडत होती. वेणू तिच्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज ठमाबाईपर्यंतच काय, पलीकडच्या भाजीवाल्यांपर्यंत गेला. पाणी कोणी भरलं, कडी कोणी लावली नाही, आणि नाव कोणाचं पुढे केलं, हे सगळं तिने सांगितलं. मामाने हात जोडले. त्याला एवढंच म्हणता आलं, "चुकलो, गुणाबाई."

गुणाबाई मांदेली निवडतच राहिली. वेणूला रडू येत होतं, पण रडलो तर सगळे आपलीच समजूत घालतील, हे तिला कळलं, म्हणून तिने ओठ घट्ट मिटून धरले.

"मासा जिता हाय?" गुणाबाईने विचारलं.

"आहे. चंद्रावतीने काढला."

"ती माजी नात हाय." गुणाबाई उठली. तिने मामाकडे पाहिलं. "मामा, सकाळी तुमी बोललात, ते मी इसरनार नाय. पन ही पोर हितं सगल्यांम्होरं उभी रायली. मोट्या मान्सांना नाय जमत असं."

ठमाबाईनेही कमरेवरचे हात खाली घेतले. "खरं हाय," ती म्हणाली.

ते शब्द ऐकून वेणूला बरं वाटायला हवं होतं. पण बाजाराच्या मातीत अजून चांदीसारखे खवले चमकत होते, आणि ते कशाने सांडले हे तिलाच ठाऊक होतं. तिची नजर तिथून हलेना.

उरलेली मासळी घरोघर विकायला निघताना गुणाबाईने डोक्यावर चुंबळ ठेवली, पाटीच्या एका कडेला हात घातला आणि थांबली. चंद्रावती पुढे झाली होती. तिने वेणूकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकली.

"काय बगत रायलीस?" गुणाबाई म्हणाली. "हात लाव."

'माजी बाय' ती म्हणाली नाही. तो शब्द परत यायला पुढे पुष्कळ दिवस लागले. वेणूने वाकून दुसऱ्या कडेला दोन्ही हात घातले आणि पाटी उचलली.